अकरा नंबरचा रकाना

८ जानेवारी

मामा,

आज दुपारी तुमच्या मेंटेनन्स मॅनेजरांनी फोनवर पक्कं सांगितलं: बॉयलरला अकरा नंबरचा सेन्सरच नाही. नऊ वर्षांपूर्वी काढला आणि खोबण बुजवून टाकली. मी दोनदा विचारलं. त्यांनी जुना कागद शोधून तारीखसुद्धा वाचून दाखवली.

मग तू रोज सकाळी आठ वाजता वहीत अकरा नंबरपुढे ३७ कुठून लिहितोस?

बॉयलर सहा आठवडे बंद आहे. दुरुस्तीसाठी सगळ्या तारा सोडवलेल्या आहेत, त्यामुळे ऑफिसात एकही आकडा दिसत नाही. माझ्याकडे आहे ती फक्त तुझी वही. दर शनिवारी तिच्या प्रती येतात, सोबत तुझी चिठ्ठी येते. मी आधी चिठ्ठी वाचते, मग आकडे. बाकी बारा जागी तेरा अंश, फार तर चौदा. थंडीत पडलेलं लोखंड तेवढंच असणार. अकराला मात्र सदतीस. रोज. रविवारीसुद्धा.

मला वाटलं सेन्सर बिघडलाय. बिघडलेला सेन्सर मी समजू शकते. नसलेल्याचं काय करू?

चेष्टा नको, मामा. नऊ फेब्रुवारीला तुम्ही बॉयलर पेटवणार. त्याआधी तो पेटवायला हरकत नाही अशी माझी सही हवी आहे. पेटवताना समोर कोण उभं राहणार हे मला माहीत आहे. त्यानंतर तुझ्या निवृत्तीला महिनाच उरतो, तो महिना मला धडधाकट हवाय.

खरं काय ते लिही.

भिंगरी


११ जानेवारी

भिंगरे,

मॅनेजरसाहेब खरं बोलले ही बातमी जपून ठेव. पुन्हा कधी ऐकायला मिळेल सांगता येत नाही.

आमचा ड्रम तू लहानपणी पाहिला आहेस. बसएवढं आडवं पिंप, वरून लॅगिंगचं जाड पांघरूण. पोटाच्या बाजूने वेल्डचा एक लांब जोड जातो. त्या जोडावर पांघरुणात तेरा खिडक्या कापल्यात, तळहाताहून जरा मोठ्या, प्रत्येकीला पत्र्याचं झाकण. झाकण सरकवायचं, खोबणीत मीटरची पिन घालायची, आकडा लिहायचा, पुढे जायचं. अकराला खोबण नाही. म्हणून तिथे तळहात ठेवतो.

तिथे हाताला गार लागत नाही, गरमही लागत नाही. काहीच लागत नाही. म्हणजे माझ्या अंगाइतकंच. अंग सदतीस असतं हे चौथीत शिकलो. लिहिलं सदतीस.

आता तू म्हणशील, रकाना रिकामा का नाही सोडलास. तुमच्या ऑफिसात चालत असेल. आमच्याकडे भिंतीवर पाटी आहे: 'रिकामा रकाना म्हणजे झोपलेला माणूस.' बॉयलर चालू असताना मी अकराला दहा आणि बाराच्या मधला आकडा टाकतो. बंद असताना हात ठेवतो. आधीच्या सगळ्या बंदीत हाताला गारच लागायचं, बाराच्या बरोबरीने लिहून मोकळा व्हायचो. या वेळीच असं आहे. कदाचित माझाच हात म्हातारा झाला असेल. मामी म्हणते, हात सोड, डोकं आधी झालंय.

तुला त्रास होत असेल तर अकरा खोडून टाक. माझी हरकत नाही.

मामा


१६ जानेवारी

मामा,

खोडून टाकायचं असतं तर विचारलं नसतं.

पहिली गोष्ट, तळहात सदतीस नसतो. तेहतीस, चौतीस. ताप आपण काखेत मोजतो, तळहातावर नाही. तेव्हा तुझं कारण चुकीचं आहे. आकडा चूक आहे का ते बघू. पाकिटात एक छोटं यंत्र आहे. त्याचं टोक शर्टाच्या बटणाएवढं आहे, त्याला खोबण लागत नाही. लोखंडावर टेकव, वीस मोज आणि आकडा लिही. अकराला लाव, मग बाराला लाव.

दुसरी गोष्ट, मी काय करते ते तुला एकदा सांगते, म्हणजे एका आकड्यासाठी मी का भांडतेय ते कळेल. प्रोग्राममध्ये तुमचा ड्रम मी हुबेहूब बांधलाय, वेल्डसकट. त्यावर दोन गणितं करते, एकापाठोपाठ. त्यांना आम्ही 'स्टडी' म्हणतो. पहिल्यात फक्त आच. बॉयलर पेटवल्यापासून सहा तासांत लोखंड कुठे किती तापेल. दुसऱ्यात फक्त ताण. पहिल्याचं उत्तर उचलायचं, दुसऱ्याच्या अंगावर घालायचं आणि लोखंडाला विचारायचं, आता कुठे फुगतोस, कुठे दुखतंय? पहिलं दुसऱ्याला सांगतं. दुसरं पहिल्याला काही सांगू शकत नाही, तशी वाटच ठेवलेली नसते. म्हणून पहिल्यात एक आकडा चुकला की दुसरं मुकाट्याने ती चूक उचलतं आणि मोठी करतं.

दुसऱ्या गणितात एक रकाना आहे, तो मलाही रिकामा सोडता येत नाही. त्यात भरायचं असतं: या लोखंडावर कुठलाच ताण नव्हता, ते निवांत होतं, तेव्हा त्याचं तापमान किती होतं? कारखान्याच्या कागदांत ते नाही. तुला काही आठवतं का?

भिंगरी


२० जानेवारी

भिंगरे,

तुझं बटण आलं. आज सकाळी आठला लावलं.

दहा: १३.२
अकरा: ३६.९
बारा: १३.१

तीनदा लावलं. तिन्ही वेळा तेच. तू म्हणालीस कारण चूक, आकडा बघू. बघितला.

मग साहेबांना बोलावलं. ते वर चढले, स्वतःच्या हाताने टोक अकराला टेकवलं, वीस मोजले. तेरा. माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्यांना जिने चढवायलाच बोलावलं होतं. ते खाली गेले. मी परत टेकवलं. छत्तीस पूर्णांक नऊ.

हसू नकोस, पण मला पहिली आठवण थर्मासची झाली. साहेब आला की तो असाच थंड पडायचा. पाठ वळली की पुन्हा सुरू.

थर्मासकाका, माझ्या पाळीतला जोडीदार, तुला आठवत असेल. कडाक्याच्या थंडीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून यायचा. आम्ही म्हणायचो याच्या आत काच आहे, चांदीचा मुलामा दिलेली, म्हणून याची ऊब बाहेर जात नाही. दहाचा चहा तो वरच प्यायचा, अकरा नंबरच्या खिडकीला पाठ टेकवून. खिडकीवरचं झाकण त्याच्या पाठीने घासून गुळगुळीत झालं होतं. गेला तोही तिथेच, हे तुला माहीत आहे.

तुझी दोन गणितं कळली. सासू सुनेला बोलते, सुनेने उलट बोलायचं नाही. असल्या घरात पुढे काय होतं हे तुझ्या प्रोग्रामला कुणीतरी सांगायला हवं.

लोखंड निवांत कधी होतं, विचारतेस. आमच्यात निवांत एकच होता. तो गेला. लोखंडाचं मला ठाऊक नाही. वीस धर.

मामा


२४ जानेवारी

मामा,

वीस धरलं.

तुझे आकडे जसेच्या तसे पहिल्या गणितात घातले. अकराला छत्तीस पूर्णांक नऊ. घातल्यावर एक प्रश्न आपोआप येतो. तेरा अंशाच्या लोखंडात पाठीएवढा एक तुकडा इतके आठवडे उबदार राहतोय, म्हणजे त्याला कुणीतरी सतत ऊब पुरवतंय. नाहीतर ती तासाभरात पसरून जाईल. किती पुरवावी लागेल ते काढलं. शंभराच्या आसपास वॉट आलं.

हा आकडा मला ओळखीचा वाटला. सभागृहं, वर्गखोल्या यांचं काम करताना आम्ही तो धरतो. एक माणूस स्वस्थ बसला की एवढी उष्णता देतो.

योगायोग असेल. एखादी वाफेची जुनी नळी मागून गेली असेल, तिच्यात गरम पाणी असेल. साहेबांना विचारून बघ.

दुसरं गणितही झालं. ठीक आहे, काळजीचं काही नाही. तू जिना चढताना कठड्याला धरतोस ना?

भिंगरी


२५ जानेवारी

भिंगरे,

तुझ्या पत्राची वाट न पाहता लिहितोय. आज रविवार, कारखान्यात मी आणि गेटवरचा रखवालदार, एवढेच.

आज अकरा गार आहे. १३.०. बटण टेकवलं, हात ठेवला, गाल लावून बघितला. साधं थंड लोखंड. इतक्या दिवसांनी सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगतो.

मग बाराचं झाकण सरकवलं. हात ठेवला आणि हाताला काहीच लागलं नाही.

३६.९.

अकरापासून बारा दोन हातांवर आहे. मधे पांघरूण आहे, तिथे खिडकी नाही. काल संध्याकाळी बारा नंबर तेरा अंशांवर होता, वहीत लिहिलंय.

तू म्हणशील, मागून एखादी नळी गेली असेल. नळी नाही. पस्तीस वर्षं मी या पिंपाला आंघोळ घालतोय. मागे काय आहे ते मला विचार.

मामा


२८ जानेवारी

मामा,

तुझं पंचवीसचं आणि माझं चोवीसचं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं. त्यामुळे मला आता खरं बोलायला हवं.

दुसरं गणित ठीक नव्हतं. मी तुला खोटं लिहिलं.

अकराची ऊब घालून ताण काढला तेव्हा वाटलं होतं सगळ्यात जास्त दुखणार ते अकरालाच. तसं झालं नाही. सगळ्यात जास्त ताण आला बाराला. वेल्डच्या आतल्या कडेला, मर्यादेच्या बराच वर. हे मी तेवीस तारखेला दुपारी पाहिलं. कुणाला दाखवलं नाही. तुला घाबरवायचं नव्हतं आणि ऑफिसात नसलेल्या सेन्सरबद्दल काय सांगायचं ते सुचत नव्हतं. फाईल माझ्याच संगणकात होती.

दोन दिवसांनी तुझ्या हाताला बारा लागला.

मी तुला लिहिलं होतं, दुसरं गणित पहिल्याला काही सांगू शकत नाही. तुझी वही म्हणजे माझं पहिलं गणित. ताणाचं उत्तर माझ्याकडे होतं, ते तुझ्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. पोचलं.

मी शांत आहे, हे पत्र मी जेवणाच्या सुट्टीत, भर गर्दीच्या उपाहारगृहात बसून लिहितेय. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी बढतीची चर्चा चाललीय. पण गणित अर्धं सोडता येत नाही. संध्याकाळी ऊब बाराला हलवून परत चालवते. उत्तर काय आलं ते पत्राच्या शेवटी लिहून आजच टपालात टाकते.

तोवर एक सांग. नऊ वर्षांपूर्वी अकराला नेमकं काय झालं? माझ्याकडे अपघाताच्या अहवालाचं एकच पान आहे. 'आठ वाजताचे तापमान नियमित. कामगार मनाई असलेल्या जागी उभा होता.' त्या सकाळी वही कुणी लिहिली?

भिंगरी

ता. क. संध्याकाळचे साडेसहा. तेरा नंबर.


१ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र काल आलं. ता. क. वाचला आणि वही उघडून बघितली. तेरा नंबर एकोणतीसच्या सकाळीच उबदार झालाय. तुझं पत्र तेव्हा टपालाच्या पोत्यात असेल.

तू विचारलंस, वही कुणी लिहिली. मी लिहिली.

तेव्हाही बंदीनंतर बॉयलर पेटवला होता. पेटवताना आठपर्यंत दर तासाला तेरा आकडे घ्यायचे, पुढे दर तीन तासांनी. सातला अकरा नंबर साठ होता. साडेआठला तुझी बस होती. तू पहिल्यांदाच घर सोडून शिकायला निघाली होतीस, ताई फोनवर म्हणत होती पोरगी मामा आल्याशिवाय गाडीत बसणार नाही. अकरा, बारा, तेरा या शेवटच्या तीन खिडक्यांना वेगळा जिना चढावा लागतो. मी चढलो नाही. दर तासाला वीस अंश वाढत होते, म्हणून तिन्हींपुढे ऐंशी लिहिलं, सही केली आणि थर्मासला म्हणालो, तासभर सांभाळ. तो म्हणाला, 'जा रे, पोरीला माझ्याकडून टपली मार.' मी बसस्टँडवर तुला दोन टपल्या मारल्या. तू विचारलंस दोन का. मी सांगितलं नाही.

दहाला तो चहा घेऊन वर गेला. सव्वादहाला जोड फाटला.

आकडा खरंच ऐंशी होता का, हे कुणालाच माहीत नाही. वहीत ऐंशी होता म्हणून चौकशीवाले म्हणाले, लोखंड नीट तापत होतं, जोडाचा दोष नाही. अकराचा तुकडा तेवढा कापून नवा बसवला. पुढचा जोड कुणी तपासला नाही. तपासायचं कारणच वहीने ठेवलं नव्हतं. आणि दोष गेला थर्मासवर, की मनाईच्या जागी टेकला. त्याच्या बायकोला, वहिनींनाही तेच सांगितलं. मी सांगितलं. कारखान्याने मलाच पाठवलं होतं.

तू विचारलं होतंस, ताण नव्हता तेव्हा तापमान किती होतं. त्या दिवशी सकाळी सात वाजता साठ होतं. त्यानंतर मला निवांत माहीत नाही.

आता मला जे दिसतंय ते ऐक. अकरा, बारा, तेरा. तेरानंतर खिडकी नाही. तेराच्या पुढे दीड हातावर पांघरूण संपतं तिथे भिंतीचा कोपरा आहे आणि तिथे माझं स्टूल आहे. पेटवताना मी तिथे बसतो, पस्तीस वर्षं. तो माझ्याकडे येतोय, भिंगरे. घाई करत नाहीये. त्याला ठाऊक आहे नऊ तारखेला मी कुठे सापडेन.

तू सही करून टाक. अकरा, बारा, तेरा खोड, सगळीकडे तेरा अंश घाल, गणित सरळ येईल. माझं आणि त्याचं आम्ही बघून घेऊ.

मामा


४ फेब्रुवारी

मामा,

मी सही केलेली नाही आणि करणार नाही.

तुझं पत्र वाचलं. त्या दोन टपल्या मला आठवतात. मी खिडकीची जागा धरून बसले होते आणि तू धावत आला होतास, शर्टावर काजळी. मला वाटलं होतं माझा मामा किती वेळ काढून आला.

त्याबद्दल समोरासमोर बोलू. आता काम.

ऊब तेराला ठेवून दुसरं गणित चालवलं. सगळ्यात जास्त ताण तेराच्या पुढे गेला. नकाशात मोजलं, दीड हात. तिथे नकाशात काहीच नाही. तुझ्या पत्रात आहे, स्टूल. मग ऊब तिथे ठेवून परत चालवलं. या वेळी उत्तर हललं नाही. जिथे ऊब, तिथेच ताण. आम्ही दोन गणितं एकमेकांशी बोलू देतो तेव्हा ती अशीच पुढे-मागे करत राहतात, आणि दोघांचं उत्तर एक आलं की थांबतात. त्या थांबलेल्या उत्तरावर आम्ही विश्वास ठेवतो.

आता तू उलट बाजूने बघ. तू म्हणतोस तो तुझ्याकडे येतोय. मला दिसतंय ते असं, की तो जोडाच्या कडेने चालतोय. अकराला फाटलेला जोड बुजवला, पण त्याची चीर तिथून पुढे सरकत राहिली असेल, नऊ वर्षं, पांघरुणाखाली, बारा, तेरा आणि पुढे. जिथे तिचं टोक आहे, तिथे तू बसतोस. तो काय करतोय हे मला माहीत नाही. चीर काय करतेय ते मात्र मला माहीत आहे, आणि दोघांची वाट एकच आहे.

मी मॅनेजरांना अहवाल पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं आहे: 'तळहातावरून बॉयलर बंद ठेवता येत नाही.' ते दुसऱ्या ऑफिसची सही आणतील. चार दिवसांत मिळेलही, कारण वहीतून अकरा ते तेरा खोडले की माझ्याही गणितात सगळं ठीक येतं.

त्यांना अडवणारा एकच कागद आहे आणि तो तुझ्याकडे आहे. नऊ वर्षांपूर्वीचे ते आकडे खोटे होते असं तू बॉयलर इन्स्पेक्टरला लिहून दिलंस, तर जुना अहवाल टिकत नाही, आणि पूर्ण जोड उघडून तपासल्याशिवाय कुणालाच पेटवता येत नाही. महिन्यावर आलेली निवृत्ती, तुझं नाव, सगळं त्यात जाईल. मला कळतंय मी काय मागतेय.

आणि नऊला तू स्टुलावर बसलास तर मी काय करू, तेही तूच सांग.

भिंगरी


७ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरे,

परवा तुझं पत्र कुरियरने आलं. दुपारी अर्धी रजा टाकली आणि इन्स्पेक्टरकडे जायच्या आधी वहिनींकडे गेलो. त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको होतं.

सगळं सांगितलं. झाल्यावर म्हणाल्या, 'नऊ वर्षं माझ्या घरी चहा प्यायलात, भाऊजी.' एवढंच. नंतर उठून दार उघडून उभ्या राहिल्या. मी निघालो.

इन्स्पेक्टर तरुण आहे, चष्मा कपाळावर ठेवून वाचतो. माझा कागद दोनदा वाचला. विचारलं, 'हे आज का?' मी म्हणालो, बंदी संपतेय. त्याने तुझाही अहवाल मागवून घेतला. तळहाताबद्दल तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, त्याच्या बापाला कानाने कळायचं. काल सकाळी त्याचा हुकूम आला. नऊला पेटवायचं नाही. नऊला लॅगिंग कापायचं, अकरापासून भिंतीपर्यंत, आणि जोडाची आतून-बाहेरून तपासणी. साहेबांनी माझ्याशी बोलणं बंद केलंय. मामी म्हणते, चला, एक तरी फायदा झाला. तिला बाकीचं सगळं सांगितलंय. आज सकाळी तिने डबा नेहमीसारखा दिला, पण हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला.

पुढच्या महिन्यात सत्कार होणार नाही. चौकशी होईल. होऊ दे.

आता आज सकाळचं.

आठला वर गेलो. अकरा, १३.१. बारा, १३.१. तेरा, १३.०. बटण टेकवलं, हात ठेवला. सगळीकडे हाताला गार लागलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधं, बंद पडलेलं लोखंड. तेराच्या पुढे पांघरुणावरून हात फिरवत भिंतीपर्यंत गेलो. काही नाही.

दम लागला होता, म्हणून स्टुलावर टेकलो. आणि उठलो.

स्टूल उबदार होतं. जसं कुणी नुकतंच उठून जागा करून द्यावी, तसं. आज शनिवार, दुरुस्तीवाले येत नाहीत. कुलूप मी उघडलं होतं. वर चढणारा पहिला मीच. बटण खिशात होतं, पण लावलं नाही.

खाली येऊन वही उघडली. दहापर्यंत आकडे लिहिले. बारा, तेरा लिहिले. अकराला १३.१ लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. तो रकाना मी आज रिकामा सोडलाय. पस्तीस वर्षांत पहिला. त्या पाटीखाली उभा राहून सोडला. स्टुलाला तर वहीत रकानाच नाही, म्हणून ते तुला लिहितोय. तुझ्या गणितात कुठे बसत असेल तर बसव.

सोमवारी दहा वाजता कापायला सुरुवात करतील. इन्स्पेक्टर म्हणत होता, रीतीप्रमाणे अकरापासून भिंतीकडे जाऊ. मी म्हणालो, पहिला काप भिंतीकडून घ्या, स्टुलाच्या मागून. त्याने विचारलं, तिथेच का? मी म्हणालो, दोन्ही गणितं तिथे थांबलीत. त्याने खडूने खूण केली. स्टूल मी आज हलवायला हवं होतं. ते तसंच आहे. सोमवारी साडेनऊला जाईन, हाताने बघेन, मग हलवेन.

मामा